पाऊण इंच

स्वेटर कुणालाच होईना, तेव्हा मास्तरांच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि तिची भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती, म्हणून ताईने, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, सगळ्यांना बोलावून कपाट रिकामं करायला घेतलं होतं. निघून निघून निघणार काय, तर लोकर. लोकरीचे गुंडे, लोकरीची टोपडी, कोपरं फाटलेले जुने स्वेटर, आणि अगदी खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला हा एक. करडा, पुरुषाचा, कोरा करकरीत. वर्तमानपत्र गेल्याच वर्षाचं होतं. ताईने तो आधी आपल्या नवऱ्याला घालायला लावला, तर मेहुण्यांच्या पोटावर तो अडकून बसला आणि ते म्हणाले, "सासूबाईंनी मला जन्मभर बारीकच समजलं." सगळे हसले. मग भाच्याने घातला, त्याच्या अंगावर तो गोणीसारखा लोंबला. बाबांसाठी म्हणावं तर बाबा जाऊन बावीस वर्षं झाली होती. "मग तू घालून बघ की बाळ्या," ताई म्हणाली. चौपन्नाव्या वर्षी बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली होती. "माझं माप मला पाठ आहे," मास्तर म्हणाले. "बत्तीस वर्षं दुसरं करतोय काय? छाती चाळीस, बाही चोवीस, दोन्हीकडे सारखी. हा बेचाळीसचा आहे आणि याच्या बाह्या एका मापाच्या नाहीत." स्वेटर त्यांनी टेबलावर सपाट पसरला, तळहाताने सुरकुत्या काढल्या, आणि खिशातला टेप त्यावर धरला. उजवी बाही डावीपेक्षा पाऊण इंच लांब होती. उजवा खांदाही तेवढाच उतरता. पाठ समोरच्या भागापेक्षा बोटभर लांब, म्हणजे घालणारा पुढे वाकून चालणारा. "झालं," ताई म्हणाली, "म्हातारपणी नजर गेली असेल तिची." पण टाके बघितल्यावर तिलाही ते पटेना. टाके मोजून मारल्यासारखे एकसारखे होते.

मास्तर गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कापडाचे साठ-सत्तर थर एकावर एक रचायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं, आणि उजव्या हाताने मशीन रेटत एका दमात सगळे कापायचे, हे त्यांचं काम. कपडा बघून माणूस ओळखायची त्यांना खोडच होती. जाकिटाचं एक कोपर झिजलेलं दिसलं की म्हणायचे हा कारकून, कॉलर मागून मळलेली असली की म्हणायचे याला बायको नाही. बायको, म्हणजे त्यांची स्वतःची, यावर म्हणायची, "तुमची कॉलर कोण बघतं ते एकदा आठवा." तर असे हे मास्तर तो करडा स्वेटर पिशवीत घालून घरी घेऊन आले, आणि दोन दिवसांत त्यांनी त्याच्या आत एक माणूस उभा केला. पन्नाशीच्या पुढचा, छातीने भरलेला, उजव्या हाताने जड काहीतरी ओढणारा किंवा उचलणारा, थोडा पोक आलेला. चेहरा तेवढा दिसेना. आईने हा माणूस कधी बघितला? कुठे बघितला? आणि एवढा नीट बघितला, की त्याचा खांदा कुठे झुकतो तेही तिला ठाऊक असावं? सत्त्याहत्तर वर्षांच्या आईबद्दल असलं काही मनात यावं याची त्यांना शरम वाटत होती, पण संशयाचं असं असतं, की एकदा घरात शिरला की तो पाहुण्यासारखा बसत नाही, भाडेकरूसारखा राहतो.

स्वेटरसोबत ताईने पत्र्याचा डबाही दिला होता, "तुझ्याच धंद्याचं आहे, तू ठेव," म्हणून. तो डबा मास्तर लहानपणापासून ओळखत होते. आईने आयुष्यात टेप वापरला नाही. घरातल्या प्रत्येकाचा एकेक दोरा त्या डब्यात असायचा, आणि त्या दोऱ्यावर गाठी. मानेपासून खांद्यापर्यंत पहिली गाठ, कोपराला दुसरी, मनगटाला तिसरी, मग छातीची, मग कमरेची. माप घेताना ती कुणाला उभं करायची नाही. माणूस जेवत असायचा, वाचत असायचा, भांडत असायचा, आणि आई लांबून डोळे बारीक करून बघत दोऱ्याला गाठ मारायची. उभं केलं की माणूस ताठतो, म्हणायची, आणि ताठलेल्या माणसाचं माप खोटं असतं. मास्तरांनी डबा उघडला. बाबांचा तपकिरी दोरा, ताईचा लाल, मेहुण्यांचा पिवळा, बायकोचा जांभळा. मास्तरांचा स्वतःचा हिरवा, आखूड, त्यावर धूळ बसलेली. आणि सहावा एक करडा. पाच माणसांचे पाच दोरे, मग हा सहावा कुणाचा? त्यांनी तो दिव्याखाली धरला. गाठींच्या शेजारी जुन्या, सोडलेल्या गाठींचे वळ होते. एकेका जागी चार-चार, पाच-पाच. म्हणजे माप एकदा घेतलेलं नव्हतं, वर्षानुवर्षं बदलत आणलं होतं. छातीची गाठ हळूहळू पुढे सरकत गेली होती, खांद्याची खाली. हा माणूस तिच्या डोळ्यांदेखत जाड झाला होता. तिच्या डोळ्यांदेखत म्हातारा व्हायला लागला होता. मास्तरांनी डबा बंद केला आणि बायकोने विचारलं काय झालं, तर म्हणाले, "काही नाही, धूळ गेली डोळ्यात." बायको म्हणाली, "डब्यातली धूळ डोळ्यात गेली? बरं."

आईचं आयुष्य तसं त्यांना उघड्या पुस्तकासारखं वाटत आलं होतं, आणि उघडं होतं म्हणूनच बहुधा त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं. सकाळी उठून प्रार्थनाघर, तिथून घर, घरातून खाट, खाटेवर विणकाम. बाबा होते तेव्हा बाबा, मग ताईची मुलं. दर रविवारी मास्तर तिच्या खोलीवर जायचे. खिडकीशी एक खुर्ची होती, तिच्यात बसून पेपर वाचायचे, आई मागे खाटेवर विणत असायची. बोलणं थोडं. "बरी आहेस ना?" "मला काय धाड भरलीय?" मग सुयांची टिकटिक, पेपरची पानं. दोन तास झाले की ते उठायचे. त्या सुयांवर काय चाललंय हे बघायला त्यांनी कधी मान वळवली नव्हती. बघून काय करायचं, लहान मुलांची टोपडी असणार, इस्पितळात वाटायला ती विणायचीच. आता त्यांना वाटायला लागलं, की त्यांच्या पाठीमागे, तीन हातांवर, एका परक्या माणसाचा स्वेटर वाढत होता, आणि ते आपले पेपरात तोंड घालून बसले होते. म्हणजे चोर पाठीशी आणि आपण गावभर शोधतोय, असं काहीतरी. शिवाय त्या स्वेटरवर नक्षी नव्हती, हे आणखी एक. आईने नक्षीशिवाय कधी काही विणलं नव्हतं. ती पुस्तकातून काही उचलायची नाही. ओल्या फरशीवर उमटलेले कबुतराचे पाय, दुकानाच्या शटरच्या पन्हळ्या, बाबांच्या कपाळावरच्या आठ्या, दिसेल ते तिच्या लोकरीत यायचं. एका दुकानदाराने एकदा एकाच नक्षीचे दहा स्वेटर मागितले, चांगला भाव देत होता. आई म्हणाली, "कालची प्रार्थना आज जशीच्या तशी म्हटली तर देव म्हणेल हिला दुसरं काही सुचत नाही का." त्या बाईने एवढा मोठा स्वेटर विणला आणि त्यावर एक रेघ वळवली नाही. ज्याला नक्षी घालणं शोभणार नाही, किंवा ज्याच्या अंगावर तिची नक्षी कुणी ओळखली तर पंचाईत होईल, असाच माणूस असला पाहिजे. मास्तरांना आपल्या तर्काचं कौतुक वाटलं आणि लगेच त्याचा तिटकाराही आला.

ताईला फोनवर त्यांनी आडून विचारून बघितलं, की आईकडे कुणी येत-जात होतं का. "म्हणजे?" ताई म्हणाली. "म्हणजे कुणी गृहस्थ." ताई म्हणाली, "बाळ्या, तुझी जीभ झडत कशी नाही रे? तिने बाबांचं दुखणं नऊ वर्षं काढलं. एक दिवस प्रार्थना चुकवली नाही, एक दिवस आपला डबा चुकवला नाही. आणि तू आता तिच्या कपाटात माणूस शोधतोस?" आणि तिने फोन आपटला. मास्तरांना तिचं म्हणणं पटलं. पटलं, पण पोचलं नाही. नऊ वर्षं दुखणं काढणाऱ्या बाईला आपल्यासाठी एक कोपरा हवासा वाटला तर त्यात नवल काय, असंही एक मन म्हणत होतं, आणि हे समजूतदार मन संशयी मनापेक्षा जास्त बोचत होतं. कारण तसं असेल, तर रविवारच्या त्या खुर्चीतला मुलगा तिला पुरत नव्हता.

शेवटी एका शनिवारी हाफ-डे होता, तर मास्तर पिशवी घेऊन प्रार्थनाघरात गेले. कितीतरी वर्षांनी. आत फरशी पुसायचा वास, बाकांच्या रांगा, आणि शेवटच्या बाकाच्या कडेला, जिथे आई बसायची, तिथे लाकूड गुळगुळीत झालेलं. राखणदार समोरून बादली घेऊन येत होता. मास्तरांची नजर आधी त्याच्या खांद्यावर गेली. उजवा खांदा खाली. साठीचा असेल, छातीने भरलेला, पुढे वाकलेला, आणि उजव्या हातात पाण्याने भरलेली बादली, रोज, कोण जाणे किती वर्षं. सापडला, असं त्यांना वाटलं, आणि सापडल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी तिथून पळून जावंसं वाटलं. पण राखणदाराने त्यांना ओळखलं. "तुम्ही शेवटच्या बाकावरच्या बाईंचे चिरंजीव ना? नाक सांगतंय." त्याने बादली ठेवली, हात पुसले, बाकावर जागा करून दिली. मास्तरांना तो आवडला आणि याचाही त्यांना राग आला.

"आई इथं विणायची?" त्यांनी विचारलं.

"रोज. सुरुवातीला लोकांनी कटकट केली. प्रार्थनेच्या वेळी सुया काय वाजवते ही बाई, म्हणाले. मला पाठवलं सांगायला. तर मला म्हणाल्या, नुसते रिकामे हात जोडून मागायची मला लाज वाटते हो, काहीतरी करता करता मागितलं की मागणं बरं वाटतं. मग मीच सगळ्यांना सांगितलं, बाईंना ऐकू कमी येतं, सांगून उपयोग नाही." तो हसला. "एक ओळ झाली की एक नाव घ्यायच्या. ओठ हलायचे. एक ओळ, एक नाव."

"कुणाचं नाव?"

"ते देवाला ठाऊक आणि बाईंना."

मास्तरांनी पिशवीतून स्वेटर काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. ठेवला कसला, टाकलाच. "हा तुमचा आहे. घाला."

राखणदार बघतच राहिला. पण मास्तरांचा चेहरा बघून त्याने काही न विचारता स्वेटर डोक्यातून घातला. छातीने भरलेला असला तरी माणूस ठेंगणा होता, बाह्यांमधून त्याचे हात बाहेरच येईनात. खालची पट्टी मांडीपर्यंत आली. वडिलांचा कोट घातलेल्या मुलासारखा तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझा कसा असेल हा? मला दोन वर्षांमागे त्यांनी मफलर दिला होता, तो गळ्यात आहे बघा, कबुतराचे पाय आहेत त्यावर." होते खरे. मास्तरांचा अख्ख्या आठवड्याचा तर्क फरशीवरच्या पाण्यात गेला. राखणदाराने स्वेटर काढला, हलक्या हाताने घडी घातली, आणि घालता घालता म्हणाला, "मी विचारलं होतं एकदा, हा एवढा मोठा कुणासाठी? तर म्हणाल्या, जो घालणार नाही त्याच्यासाठी. मला वाटलं कुणी देवाघरी गेलेला असेल. पुढे विचारलं नाही."

जो घालणार नाही. परतीच्या वाटेवर बसमध्ये मास्तर तेच घोकत होते. घालणार नाही म्हणजे घालू शकणार नाही, म्हणजे उघडपणे नाही, म्हणजे चारचौघांत नाही. बायकामुलांचा माणूस. किंवा तुरुंगातला. किंवा लांब राहणारा. पण लांब राहणाऱ्याचं माप दरवर्षी कसं घेता येईल? त्यांनी बसमधल्या सगळ्या उजव्या खांद्यांकडे बघून घेतलं. एका बाईने पदर सावरला आणि त्यांच्याकडे रागाने बघितलं, तेव्हा ते खिडकीबाहेर बघायला लागले. आणि खिडकीबाहेर बघताना, काही संबंध नसताना, त्यांना तो जुना प्रसंग आठवला. कारखान्यात लागून त्यांना तीन वर्षं झाली होती. टेप गळ्यात घालून हिंडायचे ते दिवस. आईने त्यांना एक स्वेटर विणून दिला होता, निळा, त्यावर कबुतराचे पाय, आणि कारखान्यातल्या पोरांनी त्यावरून त्यांची भरपूर टर उडवली होती. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी तो स्वेटर जेवणाच्या टेबलावर सपाट पसरला, सगळ्यांसमोर, आणि टेप लावून आईला दाखवलं. "बघ. एक बाही लांब, एक आखूड. अर्धा इंच फरक आहे. शिकाऊ पोराने असं केलं तर आम्ही त्याला हाकलून देतो." आई म्हणाली, "मी तुला बघून विणला." "बघून नसतं विणायचं, मापून विणायचं असतं. यापुढे मला नको तुझे स्वेटर. आणि ती कबुतरंही नकोत." बाबा हसले होते. ताई नव्हती हसली. दुसऱ्या दिवशी आईने तो स्वेटर उसवला, लोकरीचा गुंडा केला, आणि त्या लोकरीची ताईच्या मुलीला टोपडी झाली. विषय संपला. तेव्हापासून आईने त्यांच्यासाठी काही विणलं नाही, आणि मास्तरांनाही त्यात काही वाटलं नाही, कारखान्यातले मशीनवरचे स्वेटर चांगले बसायचे. म्हणजे निदान बसतात असं ते धरून चालायचे. आपण नको म्हटलं, आणि तिने तो सगळा जीव दुसऱ्या कुणाला लावला. हे कळल्यावर मात्र मास्तरांना, चौपन्न वर्षांच्या माणसाला, भर बसमध्ये रडू फुटायच्या बेताला आलं. त्यांना राग कुणा परक्याचा नव्हता. त्यांना त्याचा हेवा वाटत होता.

सोमवारी कारखान्यात जेवणाची सुट्टी झाल्यावर त्यांनी तो स्वेटर मोजमापाच्या पुतळ्यावर चढवला. म्हटलं, एकदा शेवटचा नीट बघू आणि मग देऊन टाकू कुणाला तरी. पुतळा बेचाळीसचा होता, दोन्ही खांदे सारखे. स्वेटर त्याच्यावर वेडावाकडा दिसायला लागला. उजवीकडे चुणी, पाठीवर फुगा. लांब कोपऱ्यात इस्त्रीमावशी आपला डबा खात बसल्या होत्या. त्या या कारखान्यात मास्तरांच्याही आधीपासून होत्या, आणि मालकालाही अरे-तुरे करायच्या. त्या तिथून ओरडल्या, "मास्तर, काढा तो त्या लाकडावरून, बघवत नाही."

"माप चुकलंय त्याचं."

"माप नाही चुकलं. पुतळा चुकलाय. तुमचा आहे तर तुम्ही घाला."

"माझा नाही तो."

मावशींनी डबा बंद केला, पदराला हात पुसले आणि उठून आल्या. "मागून बघितला तेव्हा मला वाटलं तुम्हीच उभे आहात. घाला बघू."

"मावशी, माझं माप चाळीस आहे."

"कधी घेतलं होतं?"

मास्तर आठवायला लागले. कामाला लागले त्या वर्षी, त्यांच्या उस्तादाने शिकवायचं म्हणून त्यांनाच उभं करून घेतलं होतं. बाविसाव्या वर्षी. त्यानंतर हजारो माणसांची मापं त्यांनी घेतली, पण कटरला स्वतःचं माप घेता येत नाही, दोन्ही हात टेपला लागतात आणि हात उचलले की खांदा हलतो. दुसऱ्याला घ्यायला सांगावं, असं कधी सुचलंच नव्हतं. पाठ होतं ना.

त्यांनी स्वेटर घातला. डोकं बाहेर आलं, हात बाहेर आले, आणि मग काहीच झालं नाही. कुठे ओढलं नाही, कुठे टोचलं नाही, कुठे सैल लागलं नाही. पाठ पाठीला लागली. दोन्ही बाह्या दोन्ही मनगटांच्या हाडावर येऊन थांबल्या. मावशींनी त्यांच्या गळ्यातला टेप काढून घेतला, मागे गेल्या, खांद्यावर लावला. "उजवा पाऊण इंच खाली," त्या म्हणाल्या. "ते मशीन बत्तीस वर्षं रेटताय, होणार नाही तर काय? आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हाला तोंडावर कोण सांगणार? कुणी विणला हो हा? बाईच्या हातात देव आहे."

त्या जुन्या निळ्या स्वेटरचा अर्धा इंच मास्तरांना आठवला. तेव्हा तीनच वर्षं झाली होती मशीनवर. तेव्हाच तो खांदा उतरायला लागला होता, आणि एका माणसाने ते बघितलं होतं, आणि त्या माणसाला त्यांनी सगळ्यांसमोर टेप लावून खोटं पाडलं होतं. माणसाच्या अंगावरचं कापड टेबलावर सपाट मापलं होतं. त्यानंतर तीस वर्षं ती रविवारच्या रविवारी त्यांच्या पाठीकडे बघत गाठी सोडत होती आणि मारत होती. नक्षी नको म्हणाले, तिने नक्षी टाकली नाही. घालणार नाही हे माहीत होतं, तरी विणत होती, आणि ओळीमागे एक नाव घेत होती. आणि आपण स्वतःचा खांदा सोडून गावातले सगळे खांदे बघत फिरलो. लाज वाटली त्यांना. एवढी, की मावशींसमोर तोंड दाखवायलाही नको वाटलं.

ते खिडकीशी असलेल्या स्टुलावर जाऊन बसले. खिडकीकडे तोंड करून. खालच्या काठाजवळची पहिली ओळ त्यांनी बोटाने चाचपली, मग दुसरी, मग तिसरी, आणि प्रत्येक ओळीला मनातल्या मनात बाळ्या म्हणत गेले. पंधरा-वीस ओळींपर्यंत गेले असतील, मग ओळी दिसेनाशा झाल्या.

"चहा सांगू का?" मावशींनी विचारलं.

"नको. मावशी, एक करा. तुम्ही तिथंच, माझ्या मागे बसा थोडा वेळ. काही बोलू नका. तुमचं काम करत राहा."

मावशींनी इस्त्री सुरू केली.